ब्रिटिश की अमेरिकन? हॉटेलात काम करणाऱ्या गोव्यातल्या मराठी मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न पेडणे तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. चौथीपर्यंत गावातली मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, पुढे हॉटेल मॅनेजमेंट आणि आता मोपा विमानतळाजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मला ब्रिटिश ॲक्सेंट मनापासून आवडतो. सोबतचे म्हणतात, अमेरिकन शीक, तोच सगळीकडे चालतो. मडगावकडच्या मुलांचं इंग्रजी माझ्यापेक्षा भारी वाटतं असं सगळेच म्हणतात. आणि ग्लासगोचे पाहुणे आले की मला अर्धं कळतच नाही. मी नेमका कोणता ॲक्सेंट शिकू?"

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. बोलण्यासाठी कुठलाच परदेशी ॲक्सेंट घेऊ नका. तुमचं आहे तेच इंग्रजी ठेवा; त्यातले चार-पाच उच्चार आणि शब्दांवरचा आघात, म्हणजे जोर, तेवढा नीट करा. ऐकण्यासाठी मात्र जमतील तेवढे ॲक्सेंट कानांना ओळखीचे करून घ्या. ब्रिटिश आवडतो ना, मग तो खुशाल आवडू द्या. आवड कानाची असते. कामावर तुमचं बोलणं समोरच्याला एका फटक्यात कळलं पाहिजे, ही वेगळी गरज आहे. या दोन गोष्टी एकत्र केल्या की मुलं वर्षं घालवतात आणि हाती काही लागत नाही.

आवड येते कुठून हे आधी पाहू, कारण "मडगावचं भारी, पेडण्याचं साधं" या समजाचं मूळ तिथेच आहे. एखादा ॲक्सेंट रुबाबदार किंवा गावंढळ वाटतो तेव्हा आपण आवाजाला गुण देतोय असं वाटतं. प्रत्यक्षात ते गुण आपण माणसांना देत असतो. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. त्याच माणसाकडून तोच मजकूर एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला, आणि ऐकणाऱ्यांना हे दोन वेगळे लोक आहेत असं वाटू दिलं. आवाज त्याच घशातला, तरी इंग्रजी बोलताना तो माणूस जास्त हुशार, जास्त उंच, जास्त देखणा ठरला. फ्रेंच मातृभाषा असलेल्यांनीही असेच गुण दिले. पुढे २००७ मध्ये निकोलस कुपलँड आणि हायवेल बिशप यांची ब्रिटनमधली पाहणी आली. ५,००० हून जास्त लोकांना ३४ ॲक्सेंटविषयी विचारलं होतं. प्रतिष्ठेत आणि आवडीत, दोन्हीत बर्मिंगहॅम तळाला गेलं. या पाहणीत कुणालाही आवाज ऐकवला नव्हता, फक्त ॲक्सेंटची नावं दिली होती. नाव वाचूनच लोकांनी नापास केलं. कारखान्यांच्या शहराविषयी जे मत होतं तेच तिथल्या बोलीला चिकटलं.

आपल्याकडे याची खूण पटायला वेळ लागत नाही. पुण्याकडची मराठी "शुद्ध" आणि गोव्याच्या मराठीतला कोकणी हेल ऐकून तिकडचे लोक हसतात, हे आपण सगळ्यांनी सोसलं आहे. फोंड्याकडची अंत्रूजी कोकणी पुस्तकांत गेली म्हणून ती प्रमाण, आणि पेडण्याची कोकणी "तिकडची". या क्रमात नादाचा भाग फार थोडा. इंग्रजीचंही तसंच. सासष्टी-बार्देशातल्या अनेक घरांत इंग्रजी पाळण्यापासून कानावर पडतं, म्हणून त्या मुलांना शब्दासाठी थांबावं लागत नाही. पण त्यांचे उच्चार लक्ष देऊन ऐका. ट-ड आपल्यासारखेच जीभ मागे वळवून केलेले, थ-द आपल्यासारखेच दातांना लावून, आणि स्वर कोकणीचे. तोंड तेच आहे, फरक सवयीचा आहे. त्यांच्याकडून न अडखळणं घ्या. ॲक्सेंट म्हणून घेण्यासारखं तिथे वेगळं काही नाही.

उलट, घरी मराठी आणि बाजारात कोकणी बोलणाऱ्याला एक आयता फायदा आहे. कोकणीत "ए" आणि "ओ" दोन-दोन तऱ्हेचे आहेत, एक मिटलेला आणि एक उघडा, आणि त्यांनी अर्थ बदलतो. मराठीत हा भेद नाही. म्हणून लिहायचा "पेन" आणि दुखणं या अर्थाचा "पेन" हे शब्द कोकणी येणाऱ्याच्या तोंडी वेगळे पडू शकतात. फक्त इंग्रजी बोलताना कोकणीचे स्वर वापरायचे, देवनागरी अक्षर डोळ्यांसमोर आणायचं नाही.

आता "ब्रिटिश ॲक्सेंट" या शब्दाकडे. तुम्हाला जो आवडतो तो बहुधा जुन्या बीबीसीचा, दक्षिण इंग्लंडमधल्या शिकलेल्या वर्गाचा. तसं बोलणारे खुद्द ब्रिटनमध्येही थोडेच आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीने उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवलं तेव्हा श्रोत्यांकडून तक्रारी आल्या होत्या; आज तिथे स्कॉटलंडपासून वेल्सपर्यंतचे आवाज रोज ऐकू येतात. कळंगुट-कांदोळीला येऊन उतरणारा ब्रिटिश पाहुणा मँचेस्टरचा असेल, लंडनचा असेल, ग्लासगोचा असेल. या तिघांचं इंग्रजी एकमेकांपासून जेवढं दूर आहे, तेवढं तुमचं त्यांच्यापैकी कुणापासूनही नसेल.

कानाला काय पकडायचं ते सांगतो. उत्तर इंग्लंडमध्ये "बस" हा शब्द "बुस" होतो, "कप" "कुप"च्या जवळ जातो, आणि "बाथ", "क्लास"मधला लांब "आ" आखूड "ॲ" होतो. एवढं माहीत असलं तरी मँचेस्टरचा माणूस निम्मा सोपा होतो. लंडनच्या साध्या बोलीत दोन स्वरांमधला "ट" घशात गिळला जातो, "वॉटर"मध्ये मधे नुसती आचक्यासारखी फट पडते. "थिंक" "फिंक" होतं आणि "मिल्क"मधला ल विरघळून "मिऊक" ऐकू येतं. ऑस्ट्रेलियन माणसाचं "टुडे" आपल्याला "टुडाय" वाटतं, आणि साधं विधानही तो शेवट वर नेऊन करतो, म्हणून प्रश्न विचारला असं वाटतं. न्यूझीलंडचा "चेक" "चिक" होतो आणि "सिक्स" "सक्स" होतो. अमेरिकन माणसाच्या "वॉटर"मध्ये ट हा जवळजवळ आपल्या "र"सारखा झटका असतो आणि "ट्वेंटी"तला ट गळून "ट्वेनी" राहतं. आयर्लंडमध्ये "थर्टी थ्री" पुष्कळदा "टर्टी ट्री"च्या जवळ जातं, म्हणजे जीभ आपल्यासारखीच दातांना टेकते.

मोरजी-हरमल भागात रशियन पाहुण्यांचं इंग्रजी ऐकावं लागतं. तिथे तीन गोष्टी लक्षात ठेवा: शब्दाच्या शेवटचा ड ट होतो, त्यामुळे "बेड" "बेट"सारखा येतो, "ह"च्या जागी घशातला खरखरीत ख येतो, आणि "अ", "द" हे छोटे शब्द पुष्कळदा गाळले जातात. हे एकदा मनात धरलं की त्यांचं बोलणं बरंच नियमित आहे.

स्कॉटिश इंग्रजीवर थोडं थांबतो, कारण प्रश्न ग्लासगोचा आहे आणि माझा स्वतःचा कलही त्या बोलीकडे आहे. नीट ऐकलं तर ती मराठी तोंडाच्या बरीच जवळ आहे. "कार", "फार्म" यांतला र ते आपल्यासारखा उच्चारतात. लंडनचा माणूस तो गाळतो. त्यांचा "गो" आपल्या "गो"सारखा एकसंध, "डे" आपल्या "डे"सारखा. मग कळत का नाही? एक, ग्लासगोतही मधला ट घशात जातो. दोन, त्यांचे शब्द वेगळे. "आय" म्हणजे हो, "वी" म्हणजे लहान, "कॅने" म्हणजे कॅनॉट, "डिने" म्हणजे डू नॉट, आणि "मेसेजेस" म्हणजे वाणसामानाची खरेदी. "आय कॅने" (मला जमणार नाही) ऐकून तुम्ही "आय कॅन" समजलात तर पाहुण्याच्या नकाराचा होकार होतो. एका वहीत असे वीस-पंचवीस शब्द लिहून ठेवा. ग्लासगो समजायला त्यांचा उपयोग नुसता हेल घोटण्यापेक्षा जास्त होईल.

कान तयार करायला गोव्याइतकी सोपी जागा नाही, कारण इथे फुटबॉल घराघरात आहे. सामना संपल्यावर खेळाडू आणि प्रशिक्षक देतात त्या दोन-तीन मिनिटांच्या मुलाखती घ्या. विषय ओळखीचा, शब्द ठरावीक, ॲक्सेंट खरे. एका आठवड्यात एकच प्रदेश घ्यायचा: या आठवड्यात ग्लासगो, पुढच्या आठवड्यात लिव्हरपूल. तीच मुलाखत आधी सबटायटल न लावता, मग लावून, मग पुन्हा न लावता. रोज दहा मिनिटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ऐकण्यातही जे शब्द कळत नाहीत तेवढेच लिहा, सगळी मुलाखत उतरवू नका.

आता तोंड. इथे क्रम महत्त्वाचा, कारण सगळं सुधारण्याची गरज नाही. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांचा आपसातला संवाद तपासून, समजण्यासाठी काय अत्यावश्यक आणि काय नाही याची मांडणी केली. त्यात "थिंक"-"दिस"मधला दातांतून फुंकलेला उच्चार अत्यावश्यक नाही. आखूड-लांब स्वर, सुरुवातीच्या प-ट-कवरचा श्वास आणि वाक्यातला मुख्य आघात हे मात्र आवश्यक आहेत. गोव्यात आलेल्या पर्यटकांमध्ये देशी पर्यटक परदेशींच्या कितीतरी पट आहेत, आणि परदेशींतही सगळ्यांची मातृभाषा काही इंग्रजी नाही. तेव्हा ही मांडणी आपल्या कामाला तंतोतंत लागू पडते.

सर्वांत आधी आखूड-लांब स्वर, कारण इथे मराठीचा एक नियम आपल्याला गुपचूप पाडतो. मराठीत अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो: वीट, मूल, फूल. पुढे स्वर आला की तो ऱ्हस्व होतो: विटा, मुलं, फुलं. हा नुसता शुद्धलेखनाचा नियम नाही, जीभच तशी वळलेली आहे. म्हणून आपण "बिल" लिहितो आणि "बील" म्हणतो, "शिप"चं "शीप" म्हणजे मेंढी होते, "फुल"चं "फूल" म्हणजे मूर्ख. रिसेप्शनवरचा नेहमीचा घोटाळा "लिव्ह" आणि "लीव्ह" यांचा. तुम्ही विचारता, कुठे राहता. पाहुण्याला ऐकू येतं, कधी निघता. तोच नियम उलटाही चावतो. "बीच" आपण बरोबर लांब म्हणतो, पण अनेकवचनात पुढे स्वर आला की मराठी सवयीने तो आखूड होतो आणि समुद्रकिनाऱ्यांची शिवी होते. पाहुण्याला गोव्यातले किनारे सांगताना हे होऊ देऊ नका.

दुरुस्ती अशी. आखूड "इ" म्हणजे "ई" लवकर संपवणं नव्हे. आधी "ई" म्हणा, ओठ ताणलेले राहतील. आता जबडा किंचित सैल सोडत "ए"कडे जायला लागा आणि अर्ध्या वाटेत थांबा. तिथे "बिल", "शिप", "फिट"चा स्वर आहे, आणि तो ढिला आहे. उकारासाठी "ऊ"पासून "ओ"कडे अर्ध्या वाटेत "फुल", "पुल", "कुक" मिळतात. जोड्या करून म्हणा: लिव्ह-लीव्ह, फिल-फील, पुल-पूल. हॉटेलात "पुल" दारावर लिहिलेलं असतं आणि "पूल"मध्ये लोक पोहतात, तेव्हा ही शेवटची जोडी रोज शंभर वेळा उपयोगी पडेल.

दुसरं, सुरुवातीचे प, ट, क. मराठीत प आणि फ वेगळे असल्यामुळे आपण प अगदी कोरडा म्हणतो. इंग्रजी कानाला कोरडा प म्हणजे ब वाटतो, क म्हणजे ग. "पॅक"चं "बॅक", "टाउन"चं "डाउन", "कोट"चं "गोट" होतं. समोरासमोर प्रसंगावरून अर्थ लागतो, पण फोनवर लागत नाही. चाचणी सोपी आहे. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी ओठांसमोर चार बोटांवर लोंबती धरा आणि "पासपोर्ट" म्हणा. पहिल्या प ला पट्टी हलली पाहिजे. ओठ पुरते मिटून मगच हवेचा झोत सोडायचा. ओठ उघडे ठेवून फुंकलं तर "फासपोर्ट" होईल. ट आणि क ला पट्टी कमी हलते, तिथे तळहात ओठांशी धरून ऊब तपासा. आणि हा श्वास "स"च्या मागे द्यायचा नाही. "स्पून", "स्टे", "स्काय" यांत मराठीचा कोरडा प-ट-क हाच बरोबर. मुलं पट्टीचा सराव करून करून "स्फून" म्हणायला लागतात, ते टाळा.

तिसरं, व. मराठीत इंग्रजीचे दोन व दाखवायला आपण "व" आणि "व्ह" लिहितो. सोय चांगली आहे, पण "व्ह"तला ह आपण खरंच उच्चारतो आणि "व्हिडिओ"वर हवा सोडतो. त्या अक्षराचा ह विसरा. "व्हेज" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला टेकवा आणि गुणगुणा, ओठाला मुंग्या आल्यासारखं झालं पाहिजे. "वेजेस" म्हणजे बटाट्याच्या फोडी मागणारा असेल तर दात लावायचे नाहीत; शिट्टीसाठी करतो तसा ओठांचा चंबू करून "उ"पासून सुरुवात करायची, "उएजेस". आरशासमोर दहा-दहा वेळा: व्हेज-वेज, व्हाइन-वाइन, व्हेस्ट-वेस्ट. इथे बिघडतं ते असं: चंबू जमला की मुलं सगळीकडेच तो करतात आणि "व्हेरी"ला "उएरी", "व्ह्यू"ला "उयू" म्हणतात. सी-व्ह्यू खोली विकायची असेल तर दात लागलेच पाहिजेत.

चौथं, झ. "रिझर्वेशन", "रिझॉर्ट", "झीरो" हे आपण झाडातल्या झ ने किंवा जाळ्यातल्या ज ने म्हणतो. जाळ्यातल्या ज ला जीभ वर टेकून सुटते. इंग्रजी आवाजाला जीभ टेकत नाही, फट ठेवून भुंग्यासारखा गुंजारव चालू राहतो. "स्स्स" करा, तीन सेकंद. गळ्यावर बोटं ठेवा आणि जीभ न हलवता गळ्यातून आवाज सुरू करा, बोटांना कंप लागला पाहिजे. तीन सेकंद धरता येतो तो बरोबर, एका क्षणात संपतो तो मराठी ज. शब्दाच्या शेवटी याचं महत्त्व जास्त आहे, कारण "प्राइस" (किंमत) आणि "प्राइझ" (बक्षीस), "आइस" (बर्फ) आणि "आइझ" (डोळे) तेवढ्यावरच वेगळे पडतात.

ट-ड आणि थ-द यांच्या मागे लागू नका. आपला "थँक यू" जगभर समजतो. विमान वाहतुकीचं उदाहरण पाहा. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रेडिओवर ३ हा आकडा "ट्री", ५ "फाइफ", ९ "नाइनर" आणि हजार "टाउझंड" असाच म्हणायचा ठरला आहे. जिथे एका आकड्यावर शेकडो जीव अवलंबून असतात तिथे नियमानेच तो अवघड "थ" सोडून दिला आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या बोलण्याच्या भागातही उच्चाराला एक चतुर्थांश वजन आहे, पण गुण स्पष्टतेला मिळतात, अमुक देशाच्या ॲक्सेंटला नाही.

आकड्यांवरून आठवलं. "थर्टीन" आणि "थर्टी", "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" यांनी हॉटेलात, टॅक्सीत, शॅकवर जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशानेच होत नसतील. "टीन" लांब आणि जोरदार, "टी" आखूड आणि हलका, हे ठीक. पण गर्दीत त्यावर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या जहाजावरच्या प्रमाण वाक्यांमध्ये आकडे सुटे सुटे म्हणायचा नियम आहे, "वन-फाइव्ह-झीरो" असा. जहाजावर काम केलेलं कुणीतरी गोव्यात बहुतेक वाड्यांवर सापडेल, त्यांना विचारा. खोली नंबर, वेळ आणि रक्कम यांना हाच नियम लावा: "फिफ्टीन, वन-फाइव्ह". त्याच नियमावलीत "कॅन", "मे" असे दुअर्थी पडणारे शब्द टाळायला सांगितलं आहे. "कॅन" आणि "कान्ट" यांचा घोळ तुम्हालाही माहीत आहे. अमेरिकन तोंडी दोन्हींत तोच "ॲ" असतो आणि शेवटचा ट ऐकूच येत नाही. नकार द्यायचा असेल तर सरळ "कॅनॉट" म्हणा.

आता आघात. माझ्या मते अर्धं इंग्रजी इथे आहे, आणि शाळेत ते शिकवलंच जात नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा मान. इंग्रजी शब्दात एक अक्षर राजा असतं, बाकीची दबतात आणि त्यांचे स्वर फिके होऊन "अ"कडे जातात. ऐकणारा शब्द ओळखतो तो त्या राजाच्या जागेवरून. जागा चुकली तर प्रत्येक अक्षर शुद्ध असूनही शब्द कळत नाही. रिसेप्शनचे शब्द घ्या: "हॉटेल"चा जोर "टेल"वर, "डिपॉझिट"चा "पॉ"वर, "गॅरंटी"चा शेवटच्या "टी"वर, "कॉम्प्लिमेंटरी"चा "मेन"वर, "अकॉमोडेशन"चा "डे"वर, "मेंटेनन्स", "इन्व्हॉइस" आणि "ब्रेकफास्ट" यांचा पहिल्याच अक्षरावर. "रिफंड" वस्तू असेल तर जोर "री"वर, क्रिया असेल तर "फंड"वर. रोजच्या कामातले असे चाळीस शब्द निवडा, राजा-अक्षराखाली रेघ मारा आणि शब्दकोशाच्या ॲपमध्ये ऐकून तपासा.

वाक्याच्या लयीसाठी भजनाची सवय कामी येते. भजनी ठेक्यात दोन टाळांच्या मधे कधी दोन अक्षरं येतात, कधी पाच, पण टाळ आपल्या जागेवरच पडतो. तसंच करा. "द टॅक्सी विल कम ॲट टेन" यात टाळ "टॅक्", "कम" आणि "टेन" यांवर. मग म्हणा, "द टॅक्सी विल बी कमिंग ॲट अबाउट टेन". टाळ तीनच, जागा त्याच. मधले "विल बी", "ॲट अबाउट" घाईने, दबक्या आवाजात. यंत्राने मोजलं तर इंग्रज माणसाचे टाळही अगदी समान अंतरावर पडत नाहीत, पण सराव म्हणून ही युक्ती पक्की आहे. आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात काम केलं असेल तर शब्दफेक तुम्हाला शिकवायला नको. कोणत्या शब्दावर वजन टाकायचं हे नाटकात दिग्दर्शक सांगतो. इथे पाहुण्याला नवी असलेली माहिती सांगते. "द पूल क्लोझेस ॲट सेव्हन" मध्ये वेळ नवी, म्हणून वजन "सेव्हन"वर.

सुरावलीचं, म्हणजे बोलताना सूर वर-खाली नेण्याचं, एक उदाहरण हॉटेलातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी ते नोंदवलं. एका मोठ्या ब्रिटिश विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया वाढायला नव्याने लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत अशी तक्रार होती. तपासल्यावर निघालं ते एवढंच: मांसाबरोबर रस्सा हवा का हे विचारताना इंग्रज बाई "ग्रेव्ही?" म्हणून सूर वर न्यायची, आणि या बायका "ग्रेव्ही." म्हणून खाली आणायच्या. त्यांच्या सवयीत ते नम्रच होतं. इंग्रजांच्या कानाला ते "हा घे रस्सा" असं लागायचं. सकाळी नाश्त्याच्या काउंटरवर "टी. कॉफी." म्हणू नका. "टी?" वर जाऊ द्या, "ऑर कॉफी" खाली उतरू द्या. मराठीत "चहा?" विचारताना आपण सूर वर नेतोच, तोच इंग्रजीत आणायचा आहे.

अमेरिकन घेण्याच्या सल्ल्याविषयी. तो अर्धाच जमतो, आणि अर्धा जमलेला सगळ्यात वाईट. मुलं प्रत्येक र गुंडाळतात आणि "वॉटर"चा "वाडर" करतात, पण आघात मराठीच ठेवतात. मग हॉटेलच्या "टेल"मधला ट देखील मऊ करतात, जो कुठलाही अमेरिकन करत नाही, कारण तिथे जोर आहे. शिवाय रात्री अकराला एकदम तीस जणांचा चेक-इन आला की मेंदूला ॲक्सेंट सांभाळायला जागा उरत नाही. तो गळून पडतो आणि पाहुण्याला दोन माणसं बोलल्यासारखं वाटतं. सुरतहून आलेल्या कुटुंबाशी तसं बोललात तर दुरावा वाढतो तो वेगळाच.

तरीही जुन्या बीबीसीसारखं बोलायची हौस असेल, नाटकासाठी किंवा आवाजाच्या कामासाठी, तर ती कामाबाहेर आणि रीतीने पुरी करा. "ब्रिटिश" शिकू नका, एक माणूस शिका. एका वक्त्याचा तीस सेकंदांचा तुकडा घ्या, लिहून काढा, टाळाच्या जागा खुणा करा. पहिले तीन दिवस नुसतं ऐका आणि ओठ हलवा, आवाज नको. मग त्याच्या पाठोपाठ अर्धा शब्द मागे राहून बोला. मग रेकॉर्ड करून एका वेळी एकच गोष्ट तपासा: आज फक्त शब्दाच्या शेवटचा गाळलेला र, उद्या फक्त "बाथ"चा आ. महिन्याला चार तुकडे पुरे.

कामाच्या उच्चारांसाठी रोज पंधरा मिनिटं, सहा आठवडे. पहिला आठवडा इ-ई आणि उ-ऊ, दुसरा प-ट-क, तिसरा व, चौथा झ, उरलेले दोन आघात आणि लय. दर रविवारी तोच १२५ शब्दांचा मजकूर फोनवर रेकॉर्ड करा. तो एका मिनिटात संपला तर पाहुण्यासाठी वेग योग्य. पंचेचाळीस सेकंदांत संपला तर फार घाई.

आणि ग्लासगोचा पाहुणा पुन्हा समोर आला, अर्धं सुटलं, तर "पार्डन?" म्हणून थांबू नका. तो सगळं वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणेल, थोडं मोठ्याने, आणि तुम्ही होतात तिथेच राहाल. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा आणि रिकामी जागा सूर वर नेऊन सोडा: "यू नीड अ टॅक्सी, टुमॉरो, ॲट...?" मग तो फक्त राहिलेला शब्द सांगतो, सुटा आणि सावकाश. तो आकडा असेल तर सुट्या अंकांत परत म्हणा, त्याच्यासमोर कागदावर लिहा आणि कागद त्याच्याकडे वळवून दाखवा.